स्टेअरिंगवरची लाल वायर

मामांचा चेहरा गिऱ्हाइकांना जेवढा ओळखीचा, त्याहून त्यांचे तळवे जास्त ओळखीचे. चाळीस वर्षं या माणसाने लोकांच्या गाड्यांत उताणं पडून काढली. डोकं ब्रेकच्या पेडलपाशी, पाठ सीटच्या कडेवर आणि पाय दाराबाहेर. दुकानावर येणारा माणूस आधी पायांशीच बोलतो. "मामा, हॉर्न वाजत नाही हो." आतून आवाज येतो, "लोकांच्या कानांना तेवढाच आराम. ठेवून जा."

मामा हे काही त्यांचं नाव नाही. बहिणीची मुलगी लहान असताना दुकानाच्या स्टुलावर येऊन बसायची आणि दिवसभर मामा, मामा करायची. ते ऐकून शेजारच्या पंक्चरवाल्याने धरलं, मग समोरच्या चहावाल्याने आणि मग सगळ्या रस्त्याने. आता त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना मामा म्हणतात. मामांचं त्यावर एवढंच म्हणणं, की नावातच सांगून ठेवल्यामुळे गिऱ्हाइकाला मामा बनवायची सोय राहिली नाही.

दुकान म्हणजे एक शटर, एक लाकडी बाक, खिळ्यांवर रंगवार टांगलेल्या वायरींची भेंडोळी आणि फळीवर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. मीटर आहे, चांगला आकडेवाला आहे, भाचीनेच आणून दिलाय. पण हातात असतो तो टेस्ट लॅम्प. एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा आणि दुसरीला सुई. लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. मीटर घोळात घेतो, बल्बला खोटं बोलता येत नाही, असं मामांचं मत. या मतावर वाद घालायला कुणी जाऊ नये, दुपार जाते.

लोक येतात ते निम्मे वेळा घाबरूनच येतात. ब्रेक दाबला की वायपर हलतो. इंडिकेटर दिला की मागचा दिवा डोळे मिचकावतो. बंद गाडीत रेडिओ खरखरतो. एक बाई तर रडकुंडीला येऊन म्हणाल्या होत्या, "मामा, गाडीत काहीतरी आहे हो." मामांनी त्यांना बाकावर बसवलं आणि नेहमीचं सांगितलं. करंट बॅटरीतून बाहेर पडतो आणि त्याला घरी परत यायचंच असतं. त्याची वाट गंजली, म्हणजे अर्थिंग खराब झालं, की तो शेजाऱ्याच्या घरातून वाट काढतो आणि जाताजाता शेजाऱ्याचा दिवा लावून जातो. "भूत नाही बाई, तुमचा मागचा एक बोल्ट गंजलाय." बोल्ट घासला आणि भूत गेलं. अशी शेकडो भुतं मामांनी पॉलिश पेपरने घासून काढली आहेत.

आणि तरीही, भुताने झपाटलेला माणूस या रस्त्यावर कोण असेल तर ते मामाच. हे कुणाला ठाऊक नव्हतं. मामींना थोडं ठाऊक होतं, कारण झोपेत मामांचे हात चालायचे. दोन्ही हातांची बोटं चादरीची कड धरून पीळ घालत राहायची, दोन वेढे, थांबा, पुन्हा दोन वेढे. मामी सकाळी विचारायच्या, "अहो, रात्रभर कसल्या वायरी जोडत असता?" मामा म्हणायचे, "ओव्हरटाइम." आणि चहाचा कप उचलून दारात जाऊन उभे राहायचे.

यासाठी लाल वायरीचं सांगायला हवं.

गाडीच्या कामात कच्चं आणि पक्कं असे दोन प्रकार असतात. पार्ट मिळत नाही, गिऱ्हाईक घाईत आहे, गाडी तर घरी न्यायलाच हवी. मग एखादी वायर परस्पर जोडून द्यायची, टेप गुंडाळायची आणि बजावायचं, की दोन दिवसांनी आणा, पक्कं करून देतो. गिऱ्हाईक मान हलवतं आणि घरी जाऊन विसरतं. दिवा लागतोय ना, मग झालं! ही विसरण्याची जात मामांनी पुरती ओळखली होती. म्हणून कच्चं काम केलं की ते लाल वायरीचा वीतभर तुकडा स्टेअरिंगला बांधत. दोन वेढे, वर पीळ, आणि हाताला टोचू नयेत म्हणून टोकं आत वळवलेली. वायर हाताला लागत राहते, डोळ्यांसमोर नाचत राहते, माणूस वैतागून का होईना परत येतो. पक्कं झालं की मामा स्वतः पक्कडीने ती तोडून टाकत. नियम साधा होता. वायर असेल तर काम कच्चं, नसेल तर पक्कं. ती फक्त मामांनी काढायची. त्या भागातल्या निम्म्या गाड्यांना हा नियम पाठ होता आणि मामांच्या घरच्यांना तर होताच होता.

अकरा वर्षांपूर्वी त्यांचा मेव्हणा गाडी घेऊन आला. धाकट्या बहिणीचा नवरा. बहिणीला मामा लहानपणापासून ठकी म्हणतात, आणि मेव्हण्याशी त्यांची गट्टी लग्नाआधीपासूनची. हेडलाइटचा स्विच आतून जळला होता. नवा यायला दोन दिवस लागणार होते. मामांनी स्विच बाजूला ठेवून बॅटरीची लाइन थेट दिव्यांना दिली, मध्ये एक छोटा खटका बसवला. जाड वायर त्या दिवशी संपली होती, बारीकच वापरली. फ्यूज घातला नाही. गावातल्या गावात दहा मिनिटं दिवा लावायला एवढं पुष्कळ होतं. "मेव्हणे, दोन दिवस अंधार पडल्यावर गाडी काढू नका. रविवारी मीच घरी येऊन पक्कं करतो." मेव्हणा हसून म्हणाला, "आज्ञा." आणि गेला.

दुसऱ्याच दिवशी, दिवेलागणीनंतर, गावाबाहेरच्या रस्त्यावर तो गेला. गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, बॉनेट उघडं होतं आणि तो रस्त्याच्या बाजूने आत वाकून उभा होता. मागून आलेल्या टेंपोने गाडी वाचवली, त्याला नाही वाचवलं. टेंपोवाल्यावर केस झाली, त्याने वेगाची चूक कबूल केली. गाडीचे दिवे चालू होते की नव्हते, हे कुणी विचारलंच नाही. गाडीला साधा ओरखडाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी गाडी बहिणीच्या अंगणात आणून लावली तेव्हा मामांनी काचेतून आत पाहिलं. स्टेअरिंगवर लाल वायर नव्हती.

तिथून सुरू झालं. बांधली होती का? त्या दिवशी दुकानात चार गाड्या होत्या. हात आपोआप बांधतात, डोकं तिथे नसतं. घराबाहेर पडल्यावर कुलूप लावलं की नाही ते आठवत नाही, तसं. मामांनी तो दिवस हजार वेळा उलगडून पाहिला. मेव्हण्याचं हसणं आठवे, "आज्ञा" आठवे, हातातली पक्कड आठवे, पण पुढचे दोन वेढे काही केल्या आठवत नसत. आणि बॉनेट का उघडं होतं ते मामांइतकं कुणाला कळणार? दिवे अचानक गेले तर आधी बाजूला थांबा, बॉनेट उघडा आणि बॅटरीची टोकं हलवून बघा, हे मेव्हण्याला त्यांनीच शिकवलं होतं.

खरं काय ते त्या गाडीच्या डॅशबोर्डखाली होतं. बारीक वायरीचा तो सांधा. जळला असेल तर जळलेला, नसेल तर शाबूत. चार स्क्रू काढायचे आणि बघायचं. अकरा वर्षं मामांनी ते चार स्क्रू काढले नाहीत. बहीण गाडी विकायला तयार नव्हती. दर रविवारी ती पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायची. मामा दर दोन वर्षांनी नवी बॅटरी घेऊन जात, बॉनेट उघडत, बसवत आणि परत येत. गाडीच्या आत त्यांनी पाय ठेवला नव्हता. संध्याकाळी रस्त्यावरून एका डोळ्याची गाडी गेली, की मामा हातातलं काम टाकून धावत. "अहो, दिवा! डावा दिवा गेलाय तुमचा!" लोक हसत. पंक्चरवाला म्हणे, "मामा गिऱ्हाइकं पळून पकडतात."

मग या वर्षी भाचीला नोकरी लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती एका दुपारी दुकानात आली आणि लहानपणीसारखी स्टुलावर बसली.

"मामा, बाबांची गाडी मला हवी आहे. तू करून दे."

"नवी घे की. ती म्हातारी झाली."

"विषय तो नाहीये." ती थोडा वेळ वायरींच्या भेंडोळ्यांकडे बघत राहिली. "गाडीतला दिवा आपोआप लागतो. आतला, छताचा. रोज नाही, पण लागतो, बरोबर संध्याकाळी. आणि तो लागला की आई जाऊन आत बसते. पुढच्या सीटवर, शेजारी. दार लावलं की दिवा विझतो. ती म्हणते, त्यांना कळतं मी आले ते." भाची स्टुलावरून पुढे झुकली. "ती बोलते रे आत बसून. मला घरात नाही बसवत. मामा, तू म्हणतोस ना गाडीत भूत नसतं? मग ये आणि सांग तिला."

मामांनी टेस्ट लॅम्पची सुई बोटावर टोचून बघितली. उगाचच. अकरा वर्षांत सुचलेल्या सगळ्या सबबी एकदम आठवल्या आणि त्यातली एकही या पोरीसमोर चालण्यासारखी नव्हती.

"रविवारी येतो," ते म्हणाले. अकरा वर्षांपूर्वीही त्यांनी रविवारच सांगितला होता.

रविवारी दुपारी ते गेले तेव्हा भाची मैत्रिणीकडे गेली होती, मुद्दामच. अंगण लहान, तीन बाजूंना भिंत आणि गाडी घराकडे पाठ करून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी. धुतलेली होती. ठकी ओट्यावर बसून भाजी निवडत होती. पन्नाशीची बाई, पण भाऊ आला की अजून पदराने घाईघाईत हात पुसते.

"ये दादा. पोरीने पाठवलं ना? मला वेड लागलंय म्हणाली असेल."

"तुला काय नवीन वेड लागणार. लहानपणापासून आहे."

ती हसली, पण डोळे गाडीकडेच होते. "दुरुस्त करशील?"

"बघतो आधी."

केबिनच्या दिव्याला मामांना दहा मिनिटं लागली. दाराच्या चौकटीत एक पिन असते. दार लागलं की ती दाबली जाते आणि दिवा विझतो, दार उघडलं की ती बाहेर येते आणि दिवा लागतो. ड्रायव्हरच्या बाजूची पिन झिजली होती, दाराचं रबर वाळून कडक झालं होतं आणि बिजागरी सैल पडून दार किंचित खाली उतरलं होतं. दिवसभर उन्हात पत्रा तापायचा, संध्याकाळी गार होऊन आखडायचा आणि पिन केसभर सुटायची. दिवा लागायचा. बहीण शेजारच्या दारातून आत बसून दार लावायची, त्या धक्क्याने हे दार जागेवर बसायचं. दिवा विझायचा. मामांनी अंगठ्याने पिन दाबली, सोडली. दिवा विझला, लागला. अंगठ्याखाली ठकीचा अकरा वर्षांचा तो सोबती होता.

त्यांनी मागे वळून पाहिलं. ठकी निवडलेली भाजी तशीच मांडीवर ठेवून बघत होती. सांगणं सोपं होतं. हजार लोकांना सांगितलं होतं. पण मामांनी पुन्हा पिनच दाबली.

"सापडलं?" तिने विचारलं.

"बघतोय."

"बरं. आणि पुढचे दिवे पण बघ हं. पोर रोज अंधार पडता पडता येणार." एवढं बोलून ती चहा ठेवायला आत गेली.

आता काही इलाज नव्हता. मामा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. सीट मेव्हण्याच्या मापाने मागे सरकवलेली होती, मामांचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटलं. आरशात त्यांना स्वतःचं कपाळ तेवढं दिसलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला. पहिला स्क्रू गंजून बसला होता, तरी निघाला. स्क्रू हरवू नयेत म्हणून मामा ते नेहमी गाडीच्या ॲशट्रेत ठेवतात, प्रत्येक गाडीत, सवयच आहे. त्यांनी ॲशट्रे ओढला.

आत लाल वायर होती.

वीतभर. दोन वेढ्यांचा आकार अजून धरून असलेली. टोकं आत वळवलेली. मामांनी ती उचलली आणि बोटांना आपलं काम लगेच कळलं. बांधली होती! बांधली होती, देवा, बांधली होती. अकरा वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. ते हसले की रडले कोण जाणे, पण घशातून कसलातरी आवाज निघाला. मेव्हण्याला खूण दिली होती. आपण विसरलो नव्हतो.

मग त्यांनी वायर नीट पाहिली. ती तोडलेली नव्हती. पीळ हाताने उलटा सोडवला होता, कुणीतरी सावकाश, नखांनी. मामा कधीच सोडवत नाहीत, तोडतात.

"मी काढली ती."

ठकी दारापाशी उभी होती. दोन्ही हातांत चहाचे कप.

"त्या दिवशी यांची आत्या यायची होती. तिला आणायला जायचं होतं स्टँडवर. मी गाडी आतून पुसली. म्हटलं, पाहुण्यांसमोर स्टेअरिंगला वायरीचं भेंडोळं कसं दिसतं. मला माहीत होतं रे ते काय आहे. म्हटलं, पुसून झालं की परत लावते. म्हणून टाकून नाही दिली, तिथे ठेवली. आणि राहिलं." तिने कप गाडीच्या टपावर ठेवले. "हे आले, घाईत होते. आत वाकून म्हणाले, तुझा दादा येऊन गेला वाटतं? काम झालं? मी पोळ्या करत होते. मी म्हटलं, हं."

मामांनी वायर बोटांत फिरवली.

"नुसतं हं. नीट ऐकलंही नाही मी. वर मान करून बघितलंही नाही. दादा, मी रोज त्या सीटवर बसून त्यांना तेच सांगते. की मी बघितलं नव्हतं." आता ती रडत होती, पण आवाज न करता, वर्षानुवर्षं सराव झाल्यासारखी. "तू आज उघडतोयस ना ते? मग मला खरं सांग. दिवे त्या सांध्यानेच गेले का? तू कधी बोलला नाहीस, मी कधी विचारलं नाही. पण मी वायर काढली नसती तर ते गेले नसते. त्यामुळे तो सांधा जळलेला असेल, तर मीच..."

"थांब," मामा म्हणाले. "आधी बघू दे."

ते उताणे झाले. डोकं पेडलपाशी, पाय बाहेर. उरलेले तीन स्क्रू काढले, पॅनल खाली घेतलं आणि टॉर्च तोंडात धरला.

सांधा जळला होता.

टेपची काळी राळ झाली होती. बारीक वायरीचं आवरण वितळून थेंब थेंब लोंबत गोठलं होतं आणि मधली तार तुटून दोन काळी टोकं एकमेकांपासून बोटभर अंतरावर उभी होती. शंकेला जागा नव्हती. जाड वायर घातली असती तर टिकला असता. फ्यूज आणि खटक्यावरचा भार उचलणारा रिले घातला असता तर काहीच झालं नसतं. पाच मिनिटांचं जास्तीचं काम. मामा त्या दोन टोकांकडे बघत राहिले. मघाशी बाजूला ठेवलेला दगड परत आला, आणि या वेळी तो कुणाचा हे नक्की होतं.

बाहेर त्यांना फक्त बहिणीची पावलं दिसत होती. चपला न घालता आलेली, टाचांना भेगा पडलेली पावलं. लहानपणी हीच पावलं त्यांच्यामागे सगळीकडे यायची. त्यांनी विचार वगैरे फारसा केला नाही. माणूस कामावर असला की हात डोक्याच्या पुढे जातात.

"काय रे?" ती म्हणाली.

"काही नाही. फ्यूज गंजलाय." तिथे फ्यूज नव्हताच. "बदलतो आणि दाखवतो तुला. पिशवीतून सोल्डरिंगचं दे, आणि ती जाड काळी वायर."

त्यांनी जळका तुकडा दोन्हीकडून तोडला आणि खिशात टाकला. जाड वायर ओढली. रिले बसवला, फ्यूज बसवला. सांधा पिळून त्यावर सोल्डर ओतलं. सोल्डरच्या धुराचा वास गाडीभर झाला, त्यामुळे दुसरा कुठला वास उरला असेल तर तो त्याच्याखाली गेला. अकरा वर्षं उशिरा झालेलं ते पक्कं काम अर्ध्या तासात संपलं. बाहेर ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं.

"ये, तूच बस इथे," मामा बाहेर येत म्हणाले. "तो खटका दाब. तोच, जुना."

ठकी नवऱ्याच्या सीटवर बसली. या अकरा वर्षांत ती त्या बाजूला फक्त रविवारी बसायची, चावी फिरवण्यापुरती. तिने खटका दाबला. दोन्ही दिवे लागले आणि समोरची पांढरी भिंत एकदम जवळ आल्यासारखी उजळली. भिंतीवरचे पोपडे, पन्हाळीची सावली, सगळं दिसलं.

"बघ. माझा सांधा जसाच्या तसा होता. नुसता फ्यूज जुना झालाय, तो काय कुणाचाही होतो. दिवे गेले नव्हते त्या दिवशी."

"मग ते थांबले कशाला? बॉनेट उघडं होतं."

"इंजिन तापलं असेल. पाणी बघायला थांबले असतील. वायर स्टेअरिंगवर असती काय, नसती काय, पाणी बघायला माणूस थांबतोच. तुझ्या हं-ने काही झालं नाही, ठके."

ती भिंतीकडे बघत राहिली. मग तिने खटका बंद केला, पुन्हा दाबला, पुन्हा बंद केला. चार-पाच वेळा. दिवे दर वेळी लागले. शेवटी तिने स्टेअरिंगवर डोकं टेकलं आणि आवाज करून रडली, तोंड उघडून, लहान मुलासारखी. मामा दाराला धरून उभे राहिले. त्यांना तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण हात काळे झाले होते.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "आणि तो वरचा? त्याचं काय?"

मामांनी पिन दाखवली. अंगठ्याने दाबली, सोडली. पत्रा तापतो, गार होतो, सगळं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. एकदा तिने स्वतःच बोटाने पिन दाबून बघितली.

"एवढंच होय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थोडी थट्टाच होती, स्वतःची. "मी यांना काय काय सांगत बसले. बदलून टाक रे. पोरीची बॅटरी उतरेल."

मामांनी पिन बदलली. दिवेलागण झाली, पत्रा गार झाला. दोघं ओट्यावर बसून गार झालेला चहा प्याली आणि गाडीत दिवा लागला नाही. निघताना लाल वायर मामांनी ॲशट्रेतून उचलून खिशात टाकली. एका खिशात ती आणि दुसऱ्या खिशात जळका तुकडा, असे ते घरी आले.

आठवड्याने भाचीचा फोन आला. "मामा, काय जादू केलीस? आई संध्याकाळी फिरायला जाते आता. काल तर टीव्हीसमोर हसत होती."

"अर्थिंगचा प्रॉब्लेम होता," मामा म्हणाले.

त्या रविवारपासून, मामी म्हणतात, यांचे हात झोपेत चालत नाहीत. मुठी वळलेल्या असतात. आणि दुकानाच्या शटरच्या कडीला मामांनी एक लाल वायर बांधली आहे, दोन वेढे, वर पीळ. पंक्चरवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "मामा, दुकान कच्चं राहिलं काय?"

"एक काम राहिलंय."

"कुणाचं?"

"घरचंच आहे. बघू, होईल."

परवा भाचीच्या गाडीचा मागचा एक बल्ब गेला म्हणून मायलेकी दुकानावर आल्या. भाची समोरून काहीतरी आणायला गेली. ठकी बाकावर बसली, पाय हलवत, रस्त्याकडे बघत. तिचा चेहरा भरला होता. मामा मागच्या दिव्याची काच काढत होते. तिची नजर शटरकडे गेली.

"दादा, हे काय? शटरला कुठला दिवा असतो?"

मामांनी काच हातात धरून ठेवली. आत्ता सांगावं, असं वाटलं. रस्त्यावर कुणी नव्हतं, पोर समोरच्या दुकानात होती आणि जळका तुकडा टेबलाच्या खणात, वीतभर अंतरावर होता. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. तेवढ्यात ठकी उठली, शटरपाशी गेली आणि वायरीच्या पिळावर तिने दोन बोटं ठेवली. मग एकदम चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि मोकळं हसली.

"नको गं बाई! एकदा सोडली तेवढी पुरे. ही तूच तोड, काम झालं की."

आता तिला त्या वायरीची थट्टा करता येत होती. मामांनी तिच्या त्या हसण्याकडे पाहिलं.

"तोडीन," ते म्हणाले, आणि वाकून बल्ब बसवायला लागले.